दोन ठिपके की एक रेघ

संग्रहालयात त्यांना सगळे पिसेसाहेब म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. हे नाव पडलं ते पिसांसारखे पंख असलेल्या पतंगांमुळे. पण पिसं जशी पक्ष्याला असतात तसं पिसं माणसालाही लागतं, आणि ही सोय त्या नावात असल्यामुळे ते टिकलं. दारावरच्या शिपायापासून तिकीटखिडकीतल्या बाईंपर्यंत जो तो आपल्याला पटेल तो अर्थ धरून ते उच्चारत असे.

पिसेसाहेब वरच्या मजल्यावरच्या कीटकांच्या खोलीचे प्रमुख होते. त्या खोलीत दुसरं कुणी कामाला नव्हतं, त्यामुळे प्रमुखपदाला आव्हान नव्हतं. भिंतीभर लाकडी कपाटं, कपाटांत काचेच्या झाकणाच्या पेट्या, पेट्यांत टाचण्यांवर टोचलेले किडे आणि सगळ्यावर डांबरगोळ्यांचा वास. तो वास त्यांच्या कोटात आणि केसांत इतका मुरला होता की बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा सहसा रिकामी राही. पिसेसाहेबांना वाटे, लोक आपल्याला मान देतात.

ज्याच्यामुळे हे नाव पडलं तो पिसपंखी पतंग दिसायला अगदीच गरीब. वाळक्या काडीच्या रंगाचा, आणि बसला की पंख दोन्ही बाजूंना आडवे ताठ करून बसतो. वाटतं कुणीतरी भिंतीवर दोन काड्या आडव्या-उभ्या चिकटवल्यात. पंख पुढे चिरत गेलेले आणि चिरेच्या कडांना बारीक झालर. सामान्य माणूस त्याला कचरा समजून फुंकर मारतो. पिसेसाहेबांनी मात्र त्यात उभं आयुष्य घातलं होतं, तेही सबंध पिसपंखी कुळात नव्हे, तर त्यातल्या फक्त दोन प्रजातींमध्ये. एकीच्या पुढच्या पंखावर चिरेच्या तोंडाशी दोन ठिपके असत. दुसरीच्या पंखावर तिथे ठिपक्यांऐवजी एक लहानशी रेघ असे. बाकी सगळं सारखं.

ठिपकेवाली प्रजाती जुनी, पुस्तकांत आधीपासून नोंदलेली. रेघवाली पिसेसाहेबांनी शोधली होती. म्हणजे असं झालं होतं: लग्न ठरलं होतं, ते होणाऱ्या सासुरवाडीला चहाला गेले होते, आणि सासूबाई त्यांना पगाराबद्दल विचारत असताना त्यांचं लक्ष खिडकीच्या पडद्याकडे गेलं. पडद्यावर पिसपंखी पतंग बसला होता आणि त्याच्या पंखावर रेघ होती. पिसेसाहेब चहा अर्धा टाकून उठले आणि त्यांनी कप पालथा घालून पतंग पकडला. गालिच्यावर डाग पडला. सासूबाईंचं त्यांच्याविषयीचं मत त्या दिवशी जे बनलं ते पुढे बदलायची वेळ कधी आली नाही.

तेव्हाचे संग्रहालयाचे प्रमुख शिस्तीचे होते. पतंगांच्या प्रजाती नीट ओळखायच्या तर नराच्या शेपटाकडच्या पकडी पाहाव्या लागतात. मादीला धरून ठेवायला निसर्गाने दिलेले ते चिमटे. त्यासाठी पोट कापायचं, उकळायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. पिसेसाहेबांनी तशी परवानगी मागितली तेव्हा प्रमुख म्हणाले होते, "हे कुटुंबांनी येण्याचं ठिकाण आहे. असले अवयव बघायची गरज नाही. पंख आहेत ना? पंख बघा."

पिसेसाहेबांनी पंख बघितले. चार पानांचा लेख लिहिला, पडद्यावरच्या पतंगाला लाल चिठ्ठी लावून मूळ नमुना, म्हणजे नाव ज्याच्याशी कायमचं बांधलेलं असतं तो, ठरवलं आणि नव्या प्रजातीला बायकोचं नाव दिलं. नावाला नियमाप्रमाणे लॅटिन शेपूट जोडलं. अंगठी अगदी साधी झाली होती, तिची भरपाई यात झाली.

बायकोला पतंगांत काडीचा रस नव्हता, पण नावात होता. घरात कुठलाही समारंभ असो, जेवणं आटोपून माणसं सैलावली की ती हळूच विषय काढी. "विज्ञानाच्या पुस्तकात आहे माझं नाव," असं म्हणून ती नवऱ्याकडे बघे, आणि पिसेसाहेब खाली मान घालून हसत. पाहुणे विचारत, फुलपाखरू का? ती म्हणे, "त्याच घराण्यातलं." कचऱ्यासारखं दिसतं हा तपशील ती गाळत असे.

हे सगळं वर्षानुवर्षं ऐकत होती तिची धाकटी बहीण. धाकटीचा नवरा, म्हणजे पिसेसाहेबांचा साडू, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. उंच, किडकिडीत माणूस, बोलायला सावकाश. एक वाक्य सुरू केलं की ऐकणाऱ्याने चहा टाकून, पिऊन यावं. त्याच्या नावावर गांडुळांवरचे बरेच लेख होते. पण गांडुळाला बायकोचं नाव देणं हा काही संसार टिकवायचा मार्ग नव्हे, एवढं त्यालाही कळत होतं.

एका समारंभानंतर घरी परतताना धाकटी नवऱ्याला म्हणाली, "ताईचा तो किडा खरंच वेगळा आहे का हो?"

साडूने आधी घराचं कुलूप काढलं. मग म्हणाला, "बघायला पाहिजे."

बायकोच्या तोंडून सहज सुटलेला प्रश्न आणि नवऱ्याचं हे "बघायला पाहिजे" यातून जगात अनेक भानगडी झाल्या आहेत. साडूने कॉलेजच्या कुंपणावरच्या वेलीवरून पिसपंखी पतंगाची एक मादी आणली. तिने अंडी घातली. अर्ध्या अळ्या त्याने उबेच्या कपाटात वाढवल्या, अर्ध्या थंड कपाटात. उबेतून निघालेल्या पतंगांच्या पंखांवर दोन ठिपके होते. थंडीतून निघालेल्यांच्या पंखांवर रेघ होती. आई एकच. साडूने लेख लिहिला आणि निष्कर्ष काढला की ठिपकेवाला आणि रेघवाला एकच असून, ऋतूप्रमाणे माणूस कोट बदलतो तसा हा पतंग नक्षी बदलतो. सबब दुसरं नाव रद्द समजावं.

लेख नियतकालिकात छापून आला आणि नियतकालिक सकाळच्या टपालाने पिसेसाहेबांकडे आलं. त्यांनी ते चहाबरोबर उघडलं आणि चहा तसाच राहिला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"साडूभाऊंनी लेख लिहिलाय."

"गांडुळांवर?"

"नाही. तुझ्यावर."

तिने हात पुसले आणि समोर येऊन बसली. पिसेसाहेबांनी तिला समजेल असं सांगितलं. ती ऐकून घेत होती, आणि चेहरा दर वाक्याला उतरत होता.

"म्हणजे मी नाहीच?" ती शेवटी म्हणाली.

"तू आहेस. तुझा पतंग नाही, असं त्यांचं म्हणणं आहे."

"हे त्यांचं म्हणणं नाही," बायको म्हणाली. "हे तिचं म्हणणं आहे. लहानपणी माझी बाहुली हिनेच फोडली होती."

पिसेसाहेबांनी उत्तराचा लेख पाठवला. त्यात "प्राध्यापकमहाशयांचा गांडुळांचा अनुभव दांडगा असला तरी" अशी सुरुवात होती. साडूने प्रत्युत्तर दिलं; त्यात "संग्रहालयातील हवा कोंदट असते हे लक्षात घेता" असं वाक्य होतं. दोघांनीही भाषेची सभ्यता सोडली नाही, फक्त तिला धार लावून घेतली. ज्या नियतकालिकात ही लढाई चालली होती ते मोजकी माणसं वाचत, आणि त्यांतली बरीचशी माशांवर काम करणारी असल्यामुळे ही पानं उलटून पुढे जात. घरात मात्र लढाईचा निकाल केव्हाच लागला होता. दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं. धाकटीकडून आलेला भेटीचा स्वेटर थोरलीने उसवून पायपुसणं विणलं आणि ते पुढच्या दाराशी टाकलं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल असं.

शेवटी सासूबाईंनी दोन्ही जावयांना बोलावून घेतलं. सासूबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण घरातला शेवटचा शब्द अजून त्यांचाच होता. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"लोकांना जावई मिळतात ते एखादा डॉक्टर, एखादा वकील," त्या म्हणाल्या. "मला दोन मिळाले, दोन्ही किड्यांचे. तरी मी काही बोलले नाही. पण आता माझ्या मुली बोलत नाहीत. तुम्ही दोघं एका टेबलाशी बसा आणि काय ते एकदाच बघून घ्या."

"बघण्यासारखं काही राहिलेलं नाही," पिसेसाहेब म्हणाले.

"नाही कसं? इतकी वर्षं बघताय, आणखी थोडं बघा."

साडूने तोंड उघडलं, पण त्याचं वाक्य तयार होईपर्यंत सासूबाई आत निघून गेल्या होत्या.

संग्रहालयात नुकत्याच नव्या संचालिकाबाई आल्या होत्या. त्यांना किड्यांची भीती वाटे आणि जागेची कदर होती. वरच्या मजल्यावर मोठ्या खिडक्या आहेत, तिथे अभ्यागतांसाठी छानसं उपाहारगृह होईल, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं. साडू तपासणीसाठी येणार म्हटल्यावर त्यांनी त्याचं जातीने स्वागत केलं.

"मी आपला लेख वाचला," त्या म्हणाल्या. लेख त्यांच्या सचिवाने वाचला होता. "दोन्ही प्रजाती एकच आहेत म्हणे. मग दोघांना वेगवेगळ्या पेट्या कशाला? पेट्या निम्म्या होतील, कपाटं निम्मी होतील. असंच आणखीही काही किड्यांचं एकत्रीकरण करता येईल का, तेही जमल्यास बघा."

साडू बावरला. आपल्या शास्त्राला इतका उत्साही पाठिंबा मिळण्याची त्याला सवय नव्हती. जिना चढताना तो पिसेसाहेबांना म्हणाला, "दादा, मी तुमची खोली काढून घ्यायला आलेलो नाही."

"बसा," पिसेसाहेब एवढंच म्हणाले आणि त्यांनी त्याच्यासाठी स्टूल पुसलं.

पहिले काही दिवस दोघं फक्त कामापुरतं बोलत. पिसेसाहेब पेटी काढत, साडू भिंगातून बघे. पिसेसाहेबांनी नीटनेटके लावलेले पतंग: डावीकडे ठिपकेवाले, उजवीकडे रेघवाले. मधल्या काही पतंगांवर मात्र ठिपके एकमेकांत मिसळत होते, किंवा रेघ मध्येच तुटत होती.

"हे कुठले?" साडूने विचारलं.

"ते जरा कठीण आहेत," पिसेसाहेब म्हणाले. ते इतकी वर्षं त्या पतंगांना ज्या बाजूला जागा असेल तिकडे सरकवत आले होते.

"पोट कापून बघायला हवं."

पिसेसाहेबांनी सवयीने दाराकडे बघितलं. ते जुने प्रमुख वारून कितीतरी वर्षं झाली होती. मग त्यांनी कपाटातून कात्री आणि चिमटा काढला आणि साडूने छोटी विजेची शेगडी लावली.

एकेका नराचं पोट कापायचं, काचेच्या वाटीत द्रावणात उकळायचं, मांस विरघळलं की उरलेला सांगाडा ब्रशने साफ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पकडी बघायच्या. काम असं की श्वासही जपून घ्यावा. एक कापी, दुसरा उकळी. पिसेसाहेबांच्या ध्यानात आलं की साडूच्या सावकाशपणाचा इथे उपयोग होतो. भाषणात जो माणूस असह्य वाटे त्याचा हात कापताना जराही हलत नव्हता. साडूच्याही ध्यानात आलं की पिसेसाहेबांना प्रत्येक पतंग कुठे, कुठल्या झुडपावर धरला ते चिठ्ठी न वाचता आठवतं. जेवायला दोघं डबे उघडत तेव्हा लेखांतले मुद्दे निघत, आणि पिसेसाहेबांना एक विचित्र गोष्ट उमगली: त्यांचा तो चार पानांचा लेख जगात शेवटच्या ओळीपर्यंत एकाच माणसाने वाचला होता. चुका काढायला वाचला होता हे खरं, पण तळटीपांसकट वाचला होता.

मग एक दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला साडू म्हणाला, "दादा, जरा इकडे या."

एका पतंगाच्या डाव्या पकडीवरचा काटा लांब आणि वाकडा होता. दुसऱ्याचा आखूड आणि सरळ. फरक इतका ढळढळीत की शाळकरी पोरालाही दिसावा.

पिसेसाहेबांना कंठ फुटला. "म्हणजे दोनच. मी म्हणत होतो. दोन प्रजाती आहेत."

"आहेत," साडू म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण तो प्रामाणिक होता. "माझं चुकलं. मी एकाच कुंपणावरची एकच आई घेतली." तो पुढे काहीतरी बोलणार होता, पण थांबला.

"बोला ना."

"हे दोन्ही पतंग ठिपकेवाले आहेत."

पिसेसाहेबांनी चिठ्ठ्या बघितल्या. दोन्ही डावीकडच्या पेटीतले. मग त्यांनी उजवीकडचे घेतले. त्यांतही काही लांब काट्याचे, काही आखूड काट्याचे. ठिपके आणि रेघ यांचा काट्याशी काडीचा संबंध नव्हता. प्रजाती दोन होत्या, पण पिसेसाहेबांनी लावलेली प्रत्येक पेटी म्हणजे खिचडी होती. शिवाय आखूड काट्याचे झाडून सगळे पतंग शहराबाहेरच्या दलदलीतले निघाले. चिठ्ठ्यांवर तसं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी ते कधी जुळवून पाहिलं नव्हतं, कारण ते ठिपके बघत होते.

 दोघांनी वर्षभर एकमेकांना ज्या मुद्द्यांवर ओरबाडलं होतं त्यांतला एकही मुद्दा शिल्लक नव्हता. पिसेसाहेबांना वाईट वाटलं, पण त्यांना वाटलं होतं तितकं नाही. साडूच्याही तोंडचं पाणी पळालेलं पाहून त्यांना जरा बरंच वाटलं.

"मूळ नमुना," साडू हळू म्हणाला. "तो राहिलाय. लांब काट्याचा तर पुस्तकातला जुनाच; हा आखूड काट्याचा असला तर ताईंचं नाव वाचतं."

"तो पडद्यावर सापडला होता. सासूबाईंच्या दिवाणखान्यात."

"दलदल नाही तिथे."

"नाही. गालिचा होता."

दोघांनाही उत्तर कळलं होतं. साडू म्हणाला, "राहू दे दादा. मूळ नमुन्याला हात न लावणारी पुष्कळ माणसं आहेत." त्याने हे मनापासून म्हटलं होतं, आणि पिसेसाहेबांच्या मनात क्षणभर आलंही, की पेटी मिटावी आणि घरी जावं. मग त्यांनी लाल चिठ्ठीचा पतंग उचलला आणि स्वतः कात्री लावली. काटा लांब आणि वाकडा होता. बायकोच्या नावाचा पतंग हा तोच जुना, पुस्तकांत आधीपासून असलेला, सगळ्यांच्या कुंपणावरचा पतंग होता.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. तिने विचारलं, "मग तो दुसरा, दलदलीतला, त्याला नाव आहे का?"

"नाही. तो नवीन आहे. त्याला द्यावं लागेल."

"बरं," ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आपणहून आणखी भाजी वाढली.

तिकडे धाकटीनेही साडूच्या ताटात आपणहून आणखी भाजी वाढली होती. दुसऱ्या दिवशी दोघं खोलीत भेटले तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर एकच काळजी होती. एक नाव, दोन बहिणी. दोघींची नावं जोडून एक करावं, तर पहिलं कुणाचं, यावर नव्याने वैर सुरू झालं असतं. सासूबाईंचं द्यावं, असं साडूने सुचवलं. पिसेसाहेबांनी फोन करून विचारलं.

"मी आयुष्यभर घरात किडे होऊ दिले नाहीत," सासूबाई म्हणाल्या, "आणि आता मीच किडा होऊ?" त्यांनी फोन ठेवला.

एवढ्यात संचालिकाबाई उपाहारगृहाचं मोजमाप घ्यायला दोन माणसं घेऊन आल्या. एकजण कपाटाला फीत लावू लागला. साडूने आपल्या संथ लयीत त्यांना सांगायला सुरुवात केली की प्रजाती एक नसून दोन आहेत आणि दुसरी सर्वस्वी नवी आहे. बाईंच्या कपाळाला आठी पडली. वाक्य संपता संपता तो म्हणाला, "आणि तिचं अजून नाव ठेवायचं आहे."

आठी गेली. बाईंनी टेबलाच्या कडेवरची नसलेली धूळ झटकली.

"अशी नावं कुणाची देतात?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, फक्त शास्त्रज्ञांची?"

पिसेसाहेबांनी साडूकडे बघितलं. साडूने पिसेसाहेबांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच साडूने वाक्य झटपट पुरं केलं.

"संस्थेच्या प्रमुखांची देतात," तो म्हणाला. "तसा प्रघात आहे."

फीत गुंडाळली गेली. उपाहारगृह तळमजल्यावर, सायकलींच्या जागेत झालं. वरच्या मजल्यावरची खोली ही संस्थेचं भूषण आहे, असं वार्षिक अहवालात छापून आलं, आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर काडीच्या रंगाचा तो पतंग इतका मोठा करून छापला गेला की काही लोकांना ते विमान वाटलं. संयुक्त लेखावर कुणाचं नाव आधी घालायचं, यावर दोघं साडू दोन दिवस भांडले; दोघंही समोरच्याचं आधी घाला म्हणत होते.

घरी वादळ झालं. घरातल्या दोघी हयात असताना, एकीचा पतंग मोडून, परक्या बाईचं नाव दिलं, हे थोरलीला जेवढं झोंबलं तेवढंच धाकटीला. त्याच संध्याकाळी धाकटी ताईकडे आली. दारात पायपुसणं होतं. तिने ते ओळखलं, त्यावर पाय पुसले आणि आत आली. मग दोघी बहिणी स्वयंपाकघराचं दार लावून बसल्या आणि आपापल्या नवऱ्यांविषयी इतकं सविस्तर बोलल्या की जेवणाची वेळ टळून गेली. तेव्हापासून त्यांचा फोन रोज होतो.

पिसेसाहेब आता जुन्या पेट्या पहिल्यापासून लावताहेत. एकेक पतंग काढायचा, पोट कापायचं, काटा बघायचा, नव्या पेटीत टोचायचा. निवृत्तीपर्यंत पुरून उरेल एवढं काम आहे. सुट्टीच्या दिवशी साडू येतो. सकाळी त्याने एक पतंग बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "दादा, याचा काटा मला मध्यम वाटतोय."

"मध्यम म्हणजे?"

"लांब नाही. आखूडही नाही."

पिसेसाहेबांनी डोळा लावून पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "घरी बोलू नका," ते म्हणाले, आणि दुसऱ्या पतंगाला कात्री लावली.